कराच्या वांटणीचा वाद व आपला बीड जिल्हा

गेल्या कांहीं वर्षांत एक गाऱ्हाणें आपल्या भागांतहि फार ऐकूं येऊं लागलें आहे. तें असें कीं, महाराष्ट्र कराचा पैसा भरतो आणि उत्तरेकडील प्रांत तो खातात. कर्नाटक सरकारच्या मंत्र्यांनीं ७ फेब्रुवारी २०२४ रोजीं दिल्लीस जंतरमंतर येथें ह्याच कारणासाठीं धरणें धरलें, तेव्हांपासून ह्या बोलण्यास अधिकच धार आली. आमच्या गांवच्या पारावर एक जाणते बागाईतदार हा विषय मोठ्या आवेशानें मांडीत असतां प्रस्तुत लेखक तेथें बसला होता. दिल्लीचा समाचार घेऊन झाल्यावर तेच गृहस्थ त्याच आवेशानें म्हणाले, “आणि मुंबई-पुण्यानें तर मराठवाड्याचा वांटा कधींच गिळला!” मंडळींनीं दोन्ही वेळां माना डोलविल्या. पण पहिलें वाक्य ज्या न्यायानें खरें ठरतें, त्याच न्यायानें दुसरें खोटें पडतें, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. जो भरतो त्यानेंच घ्यावें, हा नियम एकदां मान्य केला म्हणजे मुंबईकरानें आपल्याला दमडी कां द्यावी, ह्याचें उत्तर बीडकरापाशीं उरत नाहीं. म्हणून हा हिशेब जरा खोलांत जाऊन पाहणें अवश्य वाटलें.

प्रथम दिल्लीचे आंकडे. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१-२२ ते २०२५-२६ ह्या पांच वर्षांसाठीं असें ठरविलें कीं, केंद्राच्या वांटणीयोग्य करांपैकीं शेंकडा ४१ भाग सर्व राज्यांचा. त्या राज्यांच्या भागांतून उत्तर प्रदेशास शेंकडा १७.९३९, बिहारास १०.०५८ व महाराष्ट्रास ६.३१७. म्हणजे वांटणीयोग्य कराच्या शंभर रुपयांपैकीं आपल्या राज्यास सुमारें २ रुपये ५९ पैसे, बिहारास ४ रुपये १२ पैसे व उत्तर प्रदेशास ७ रुपयांहून कांहींसे अधिक मिळाले. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें देशाच्या लोकसंख्येंत महाराष्ट्राचा हिस्सा शेंकडा सव्वानऊच्या आसपास आहे. केंद्राच्या प्रत्यक्ष करांची वसुली पाहिली तर तिहाईहून अधिक एकट्या महाराष्ट्रांत जमा होते. तेव्हां राग येणें स्वाभाविक आहे, हें कबूल केलें पाहिजे.

हा राग नवा नाहीं. १९१९ च्या कायद्यानें प्रांतांस जमीनमहसूल, अबकारी व मुद्रांक ह्या बाबी देण्यांत आल्या आणि प्राप्तिकर हिंदुस्थान सरकारनें आपल्याकडे घेतला. शिवाय मेस्टन समितीनें १९२० सालीं सर्व प्रांतांनीं मिळून मध्यवर्ती सरकारास वर्षाला ९८३ लक्ष रुपये द्यावेत असें ठरविलें. त्यांत मुंबईच्या वांट्यास ५६ लक्ष आले. मद्रासच्या ३४८ लक्षांपुढें ही रक्कम लहान दिसते, पण मुंबईचें दुःख त्या रकमेचें नव्हतें. गिरण्या व पेढ्या यांचा वाढता प्राप्तिकर हातचा गेला आणि न वाढणारा जमीनमहसूल हातीं राहिला, हें तें दुःख होतें. अशा स्थितींत प्रांताचें सरकार कोणाकडे वळणार? शेतकऱ्याकडे. १९२८ सालीं बारडोलींत आकारणी शेंकडा २२ नें वाढविण्याचा जो प्रकार झाला आणि ज्यावरून तो प्रसिद्ध सत्याग्रह लढला गेला, त्याच्या मुळाशीं प्रांताची ही ओढाताणहि होती असें आम्हांस वाटतें. वांटणीचा वाद वरच्या दोन सरकारांत असतो, परंतु त्याचा भार खालीं कोठें तरी उतरतो, आणि तो बहुधा काळ्या आईच्या लेकरांवर उतरतो.

पुढें १९३६ सालीं सर ऑटो नीमायर यांनीं प्राप्तिकराचा अर्धा भाग प्रांतांस देण्याची शिफारस केली व त्यांत मुंबई व बंगाल यांस प्रत्येकीं शेंकडा २० भाग दिला. स्वातंत्र्यानंतर १९५० सालीं चिंतामणराव देशमुखांच्या निवाड्यांत मुंबईचा भाग २१ झाला. पण पुढें नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वित्त आयोगानें शेंकडा ८० लोकसंख्येवर व शेंकडा २० वसुलीवर वांटणी केली आणि मुंबई १७.५ वर आली. वसुलीचें वजन पुढील काळांत एकंदरीनें कमीच झालें. पंधराव्या आयोगाच्या सूत्रांत प्रत्यक्ष वसुलीस जागाच नाहीं. करवसुलीच्या प्रयत्नास म्हणून अवघे शेंकडा अडीच गुण आहेत, आणि राज्याचें दरडोई उत्पन्न किती खालीं आहे ह्या अंतरास तब्बल ४५.

आपल्याच भाषेंतील लोकांत ह्या वादाचें आणखी एक जुनें उदाहरण आहे, तें वऱ्हाडचें. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांनीं लावून घेतला, तो हैदराबाद कंटिंजंट नांवाच्या फौजेच्या खर्चासाठीं. त्या फौजेची एक छावणी आपल्या अंबेजोगाईस, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादेस होती. अर्थात् वऱ्हाडच्या कापसाचा पैसा आपल्या जिल्ह्यांतील छावणीवर खर्च होत असे! १९०२ सालीं निजामास वर्षाला २५ लक्ष रुपये देण्याच्या बोलीवर वऱ्हाड कायमचें इंग्रजांकडे गेलें व १९०३ सालीं तें मध्यप्रांतास जोडण्यांत आलें. मग वऱ्हाडची शिल्लक मध्यप्रांताच्या डोंगराळ जिल्ह्यांवर खर्च होते, हें गाऱ्हाणें सुरू झालें व तें पुढें कित्येक वर्षें कायदेमंडळांत गाजत राहिलें. आज विदर्भ अनुशेष मागतो, म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूस उभा आहे. शंभर वर्षांपूर्वीं तो देणाऱ्याच्या बाजूस होता.

आतां आपल्याकडे वळूं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण वरील कोणत्याच वांटणींत नव्हतों. निजामाच्या राज्यांत महसूल दिवाणींत जाई, कांहीं गांवांचा जहागिरदाराकडे व सर्फ-ए-खासचा थेट निजामाच्या खासगींत जाई. हद्दीवर करोडगिरीचा नाका असे, तो वेगळाच. ह्या पैशाचा हिशेब रयतेनें मागावा ही कल्पनाच नव्हती. २८ सप्टेंबर १९५३ रोजीं नागपूर करार झाला. त्यांत असें ठरलें कीं, निरनिराळ्या विभागांवरील खर्च लोकसंख्येच्या प्रमाणांत व्हावा, मराठवाडा मागासलेला असल्यामुळें त्याच्या सर्वांगीण वाढीकडे विशेष लक्ष द्यावें, आणि ह्याविषयींचा अहवाल दरवर्षीं विधिमंडळापुढें ठेवावा. १९५६ सालीं आपण द्वैभाषिक मुंबई राज्यांत गेलों व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आलों. मराठवाडा बिनशर्त आला असें अभिमानानें सांगितलें जातें. कागदपत्रांत आयुष्य घालविलेल्या माणसास ह्या ‘बिनशर्त’ शब्दाची थोडी भीतिच वाटते.

१९५६ सालींच सातव्या घटनादुरुस्तीनें ३७१ व्या कलमांत विकास मंडळांची तरतूद झाली. पण तीं मंडळें प्रत्यक्षांत आलीं १९९४ सालीं. म्हणजे मधलीं ३८ वर्षें गेलीं. त्या आधीं अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीनें १९८४ सालीं राज्याचा एकंदर अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लक्ष रुपये काढला व त्यांत मराठवाड्याचा ७५० कोटी ८५ लक्ष, म्हणजे शेंकडा साडेतेवीस. रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ बाबींत जो जिल्हा राज्याच्या सरासरीखालीं तो मागें, असें त्यांचें माप होतें. ह्या मापानें ‘उर्वरित महाराष्ट्रां’तहि शेंकडा ३७ हून अधिक अनुशेष निघाला, हें पाहून आपल्याकडील पुष्कळांस चमत्कारिक वाटलें. परंतु कोंकणांतील व दुष्काळी पट्ट्यांतील तालुके पाहिले तर त्यांत चमत्कार कांहीं नव्हता. पुढें २०१३ सालीं केळकर समितीचा अहवाल झाला. ३० एप्रिल २०२० रोजीं मंडळांची मुदत संपली आणि ती त्या वेळीं वाढविली गेली नाहीं. २०२२ सालीं राज्य मंत्रिमंडळानें मंडळें पुन्हां स्थापण्याचा ठराव केला. परंतु मुदत संपण्याच्या दिवशीं आपल्या जिल्ह्यांत कोठें एक सभा झाल्याचें प्रस्तुत लेखकास आठवत नाहीं. दिल्लीवर रागावणारे आपण आपल्या घरच्या हक्काचें कलम निजलें तेव्हां निजलेलेच होतों.

कोणी किती भरलें, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाहीं. महसूल खात्याच्या दप्तरांत काम केलेल्यास हें लवकर कळतें. तलाठी गांवोगांव वसुली करतो आणि तिचें चलन तालुक्याच्या ठिकाणीं भरतो. कोषागाराच्या वहींत रक्कम तालुक्याच्या नांवें दिसते. म्हणून ती तालुक्याच्या बाजारपेठेनें भरली असें कोणी म्हणेल काय? तोच प्रकार मुंबईच्या प्राप्तिकराचा आहे. बी-बियाणें, खतें, ट्रॅक्टर, साबण, विमा विकणाऱ्या कित्येक मोठ्या कंपन्यांची मुख्य कचेरी मुंबईस असते, आणि नफा देशभर मिळवून कर मुंबईस भरला जातो. गेवराईच्या कापूसवाल्यानें फवारणीच्या औषधास दिलेल्या पैशांतील नफ्याचा अंश त्या करांत आहे. उलट, पाटण्याच्या रिक्षावाल्याचाहि आहे. चलन कोठें भरलें ह्यावरून बोजा कोणी वाहिला हें कळत नाहीं.

ह्याहून बोचरें उदाहरण आपल्या घरांतलें आहे. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतून लाखों माणसें कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊस तोडण्यास जातात. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, आष्टी ह्या बाजूचीं कित्येक गांवें चार-पांच महिने म्हाताऱ्यांच्या व कुलपांच्या स्वाधीन असतात. त्यांनीं तोडलेल्या उसाची साखर सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांत होते. २०१७ पर्यंत त्या साखरेवरील केंद्रीय उत्पादन शुल्क तेथेंच भरलें जाई. मग कागदावर कोल्हापूर ‘भरणारा’ जिल्हा व बीड ‘खाणारा’ जिल्हा ठरतो. हात कोणाचे होते हें कोणत्याहि लेखाशीर्षांत लिहिलेलें नसतें. बिहारचा मजूर मुंबईच्या इमारती बांधतो व पंजाबचें भात लावतो, त्याच्याविषयींहि हेंच म्हणतां येईल, आणि तें ऐकण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीं, म्हणून शेतकरी कर भरतच नाहीं, असें शहरांत मानतात. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. तो जेथें माल वापरला जातो त्या राज्याकडे जातो. ट्रॅक्टरवर तो शेंकडा १२ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. कीटकनाशकांवर १८ आहे. जमीनमहसूल तर आतां नांवालाच उरला असून पावतीवर उपकरांचाच आंकडा मोठा दिसतो. आणि डिझेलची गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पांत डिझेलवर लिटरमागें ४ रुपये शेती पायाभूत सुविधांचा उपकर म्हणून बसविण्यांत आले व त्याच वेळीं मूळ उत्पादन शुल्क कमी करून १ रुपया ८० पैशांवर आणलें. पंपावरचा भाव तोच राहिला, म्हणून कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. परंतु घटनेच्या २७० व्या कलमाप्रमाणें उपकर व अधिभार वांटणींत येत नाहींत. मूळ शुल्कांतून ४१ पैसे राज्यांकडे येतात, उपकरांतून एकहि नाहीं. आपल्या नांगरटीचा पैसा शेतीच्याच नांवानें वांटणीबाहेर काढला गेला. आमच्या मतें महाराष्ट्राची दिल्लीविरुद्धची खरी तक्रार ही आहे. बिहारास चार रुपये कां, ही नव्हे. ह्या तक्रारींत बिहार व महाराष्ट्र एका बाजूस उभे राहूं शकतात.

देणाऱ्यानें दिलें, घेणाऱ्यानें मानानें घेतलें आणि हिशेबहि राहिला, असें एक उदाहरण आपल्याच राज्यानें घालून दिलें आहे. १९७२ च्या दुष्काळांत बीड जिल्ह्यांतील माणूस खडी फोडीत होता व सुकडी खात होता. वि. स. पागे यांनीं आंखलेल्या रोजगार हमी योजनेचें बळ त्या काळांत दिसून आलें. पुढें तिचा कायदा होऊन तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. पैसा कोठून आणावयाचा? त्यासाठीं १९७५ सालीं व्यवसाय कर बसविला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी ह्यांच्याकडून तो घेतला जाई, आणि साहजिकच त्याचा मोठा भाग मुंबईंत जमा होई. बागाईत जमिनीवर व महसुलावरहि जादा आकार ठेवला होता, आणि जमलेल्या रकमेइतकीच भर सरकार आपल्या तिजोरींतून घालीत असे. त्या पैशांतून बांधबंदिस्ती, पाझर तलाव व रस्ते झाले. आमच्या भागांतील कित्येक विहिरींस आज जें पाणी आहे तें त्या तलावांचें. गिरगांवांतल्या कारकुनाच्या पगारांतून कापलेले रुपये पाटोद्याच्या माळावर मातीच्या रूपानें पडले आहेत. तो कारकून कुरकुरला नसेल असें नाहीं, पण पैसा कशासाठीं कापला जातो हें त्यास ठाऊक होतें.

बाहेरच्या देशांतहि हेंच चालतें. कॅनडांतील तेलसंपन्न अल्बर्टा प्रांतानें ऑक्टोबर २०२१ मध्यें प्रांतांतील समीकरण-अनुदान घटनेंतून काढून टाकावें कीं नाहीं ह्यावर लोकांचें मत घेतलें व बहुमत काढून टाकण्याच्या बाजूनें पडलें. जर्मनीतील बव्हेरिया संस्थान १९५० पासून तीसपेक्षां अधिक वर्षें इतर संस्थानांकडून पैसा घेत होतें. पुढें तें संपन्न झालें, द्यावयाची वेळ आली आणि २०१३ सालीं त्यानें देण्याविरुद्ध न्यायालयांत फिर्याद केली! घेतांना न दिसलेला अन्याय देतांना दिसूं लागला.

पाण्याचें तरी निराळें काय आहे? जायकवाडीचा नाथसागर भरावा म्हणून वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा आदेश १९ सप्टेंबर २०१४ रोजीं निघाला व २०१६ सालीं उच्च न्यायालयानें तो उचलून धरला. नाशिक-नगरचा शेतकरी तेव्हां जें बोलत होता, तेंच शब्द आपण कराच्या बाबतींत दिल्लीस ऐकवितों.

आतां कांहीं अप्रिय. दिल्लीच्या सूत्रांत गरीब राज्यास अधिक देण्याचें जें तत्त्व आहे, तेंच मुंबईनें राज्यांत लावलें तर बीड जिल्ह्याचा लाभ आहे. २०११ च्या गणनेप्रमाणें आपली लोकसंख्या २५ लक्ष ८५ हजार, म्हणजे राज्याच्या शेंकडा २.३. नागपूर करारानुसार राज्यानें विभागांवर केलेल्या खर्चाच्या शंभर रुपयांत आपला किमान हिस्सा २ रुपये ३० पैसे, आणि मागासलेपणाबद्दल वर कांहीं. हें माप हातीं धरून दरवर्षींचा अर्थसंकल्प तपासणारा एकहि माणूस आपल्या तालुक्यांत नाहीं. मुंबई महापालिकेची जकात २०१७ सालीं बंद झाली, तेव्हां तिला वार्षिक शेंकडा ८ वाढीसह भरपाई दरमहा मिळावी असा कायदाच करून घेतला गेला. त्यांनीं मागितलें, कागदावर घेतलें. आपण भाषणें ऐकलीं.

शिवाय आलेला पैसा आपण नीट खर्च करतों असेंहि नाहीं. ३१ मार्चच्या रात्रीं कोषागाराच्या दारीं देयकांचे गठ्ठे घेऊन धांवणारे लोक मीं अनेक वर्षें पाहिले आहेत. एका तालुक्यांत पाझर तलावाच्या भूसंपादनाची रक्कम येऊन पडली होती. मोजणीचे नकाशे वेळेवर आले नाहींत, दोन भाऊबंदांचा हिश्श्याचा तंटा मिटला नाहीं, आणि ती रक्कम परत गेली. ताळमेळ घेतांना ती वजा झालेली ओळ मींच माझ्या हातानें लिहिली. त्या गांवचे लोक आजहि सांगतात कीं, तलाव मुंबईनें पळविला.

अहिल्यानगर-बीड-परळी ह्या २६१ किलोमीटरच्या लोहमार्गाची मंजुरी १९९५ च्या सुमाराची. तो केंद्राच्या एकट्याच्या पैशानें होईना, म्हणून अर्धा खर्च राज्यानें उचलण्याचें ठरलें. मुंबई-पुण्याकडून तेव्हां कुरकुर झालीच. आष्टीपर्यंतचा मार्ग २३ सप्टेंबर २०२२ रोजीं सुरू झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीं, बीडहून अहिल्यानगरकडे गाडी निघाली. त्या दिवशीं स्थानकावर आलेल्या एका वृद्ध ऊसतोड मुकादमानें मला विचारलें, “साहेब, ही गाडी दिल्लीची का मुंबईची?” अर्धी-अर्धी, असें मीं सांगितलें. “मग परळीपर्यंतची अर्धी कोणाची राहिली?” असें त्यानें विचारलें. त्या दिवशीं परळीचा टप्पा पुरा व्हावयाचा होता. जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीच्या आधीं आपल्या संघाच्या सभासदांनीं तालुकावार खर्चाचें पत्रक मागून घ्यावें व तें ह्या मासिकाकडे पाठवावें. रकाने कसे वाचावयाचे, हें लिहून देण्यास प्रस्तुत लेखक तयार आहे.